आधी तळे, मग देऊळ

दूरच्या तीर्थाला माणूस जातो आणि जवळचे तीर्थ उरकतो. काशी, रामेश्वर, पुष्कर ही नावे घेताना आपला आवाज आपोआप खाली येतो; आयुष्यात एकदा तरी घडावी अशी ती यात्रा. पण ज्या गावचे देऊळ आपल्या लोकलच्या पुढच्याच स्टेशनावर आहे, तेथे आपण दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जाऊन येतो. आम्ही आंबिवलीकर टिटवाळ्याच्या बाबतीत नेमके हेच करीत आलो आहोत. कल्याण सुटले की शहाड, मग आंबिवली आणि त्यानंतर टिटवाळा. मुंबईचा भाविक ज्याला यात्रा म्हणतो, ते आम्हांला एका स्टेशनाचे अंतर. अंगारकीच्या दिवशी परतीच्या गाड्या टिटवाळ्यालाच भरून निघतात आणि आंबिवलीच्या फलाटावर कामाला निघालेला माणूस चडफडत उभा राहतो. महागणपतीशी आमचा संबंध पुष्कळदा एवढाच!

आता एक प्रश्न विचारते. पुष्करला गेलेला मराठी माणूस परत आला की काय सांगतो? सरोवर कसे आहे, बावन्न घाट कसे आहेत, संध्याकाळी पाण्यावर दिवे कसे दिसतात, हे सांगतो. टिटवाळ्याहून आलेला माणूस काय सांगतो? रांग किती होती, दर्शन किती वेळात झाले आणि रिक्षावाल्याने किती घेतले! टिटवाळ्याचे देऊळही तळ्याच्या काठी आहे, याची आठवण त्याला करून द्यावी लागते. तळे दिसत नाही असे नव्हे. पण आपण ते पाहत नाही. ते आपल्या लेखी देवळाच्या बाजूची मोकळी जागा असते.

माझे म्हणणे साधे आहे. टिटवाळ्याला भाविक म्हणून जा किंवा नुसते प्रवासी म्हणून जा. पण आधी तळ्यापाशी उभे राहा आणि मग देवळात शिरा. हा माझा लहरी आग्रह नाही. टिटवाळ्याची कथाच तसे सांगते, फक्त आपण ती अर्धवट ऐकतो.

ती कथा अशी. पेशवाईत, थोरल्या माधवरावांच्या काळात, या भागात पाण्याची टंचाई पडली. लोकांची तहान भागावी म्हणून गावचे जुने तळे उपसून त्यातला गाळ काढायचे ठरले. गाळ काढता काढता खाली बुजलेले देऊळ लागले आणि पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांना गणपतीची मूर्ती मिळाली. पुढे पेशव्यांनी देऊळ बांधले. या कथेला वसईच्या मोहिमेचा आणि नवसाचाही एक धागा जोडला जातो. इतिहासाचा विद्यार्थी तेथे थबकेल. कारण चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली, माधवराव जन्मले १७४५ साली आणि पेशवे झाले १७६१ साली. दंतकथेला सनावळीची फारशी पर्वा नसते. पण सनावळी बाजूला ठेवली, तरी कथेचा गाभा पाहा. कोणी देव शोधायला निघाले नव्हते. लोक पाणी शोधायला निघाले होते. तहानेसाठी गाळ उपसला, म्हणून देव सापडला. गाळ तसाच राहिला असता, तर मूर्तीही तशीच राहिली असती. ज्या कथेवर आपले देऊळ उभे आहे, तिच्यातले पहिले पुण्यकर्म अभिषेकाचे नाही, फावड्याचे आहे.

आणखी एक गोष्ट या कथेत सांगितली जात नाही. मूर्ती सरदारांना सापडली म्हणतात. पण फावडे कोणाच्या हातात होते? गुडघाभर चिखलात उभे राहून घमेली कोणी उचलली? त्यांची नावे कथेने ठेवली नाहीत. आपण प्रवासी म्हणून गेलो, तर निदान हा प्रश्न तरी मनात येतो. रांगेतल्या माणसाला तेवढी सवड नसते.

हे टिटवाळ्यापुरतेच आहे असेही नाही. ठाण्याच्या कौपिनेश्वराचे शिवलिंग मासुंदा तळ्यात मिळाले आणि १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी देऊळ नव्याने बांधले, असे सांगतात. अष्टविनायकांपैकी महडच्या वरदविनायकाची मूर्तीही देवळाजवळच्या तळ्यातच सापडली, अशी तिथली कथा आहे. कोकणपट्टीत देव तळ्यातून का वर येतात? संकटाच्या काळात मूर्ती पाण्यात ठेवल्या जात, हे एक कारण लोक सांगतात. पण दुसरे कारण आपल्या जमिनीत आणि आभाळात आहे. आपल्या जिल्ह्यात चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने थेंब नाही. खाली काळा कातळ. त्यात पाणी फार मुरत नाही, ते वाहून खाडीला जाते. म्हणून पूर्वीच्या लोकांनी गावोगाव तळी खोदली. पावसाबरोबर माती येणार, तळे गाळाने भरत जाणार, हे ठरलेलेच. मग उन्हाळ्यात पाणी आटले, की गावाने मिळून गाळ काढायचा आणि तो सुपीक म्हणून शेतात पसरायचा. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या नावाने जी योजना आणली, तिच्यातले शहाणपण आपल्या खापरपणजोबांना ठाऊक होते. जेथे दर काही वर्षांनी तळे उपसले जाते, तेथेच तळ्यातून देव निघण्याच्या कथा होणार. देव सापडणे ही तळ्याची निगा राखल्याची खूण होती, असे मी म्हणते.

उलट उदाहरण पुण्याचे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळे बांधवले आणि त्याच्या मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसला. लोक त्याला 'तळ्यातला गणपती' म्हणू लागले. आज तेथे सारसबाग आहे, भेळ आहे, हिरवळ आहे. जुने तळे मात्र गेले. नाव अजून 'तळ्यातला गणपती'च! देव राहतो आणि तळे जाते, हे आपल्याकडे घडलेले आहे. टिटवाळ्याचे तळे आज आहे, म्हणून ते उद्याही असेल असे समजायचे कारण नाही.

मुळात 'तीर्थ' हा शब्दच आपण विसरलो आहोत. संस्कृतातल्या 'तरून जाणे' या अर्थाच्या धातूपासून तो आला. तीर्थ म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा, उतार, घाट. शब्दात पाणी आहे, देऊळ नाही. पूजेनंतर तळहातावर पळीभर पाणी मिळते, त्यालाच आपण तीर्थ म्हणतो आणि वडिलांना पत्र लिहिताना मायना 'तीर्थरूप' असा असे. म्हणजे ज्याच्यापाशी गेल्यावर तहान भागते आणि पैलतीर दिसते, ते तीर्थ. या अर्थाने पाहिले, तर टिटवाळ्याचे तीर्थ म्हणजे तळे, शेजारची काळू नदी आणि त्यांच्या आधाराने वसलेले गाव. देऊळ त्या तीर्थाचा कळस. पाया कोणता, हे सांगायला नकोच.

आता शकुंतलेकडे वळते. कारण टिटवाळ्याची दुसरी कथा तिचीच आहे. कण्व ऋषींचा आश्रम येथे होता, दुष्यंताने ओळख नाकारल्यावर शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून येथे गणपतीची आराधना केली आणि तिला पती परत मिळाला, असे मानतात. म्हणून या गणपतीला 'विवाहविनायक' म्हणतात आणि लग्न जुळावे, मोडू पाहणारा संसार सावरावा म्हणून लोक येथे येतात. आता कण्वाश्रम नेमका कोठे होता यावर वाद घालणारे घालोत. महाभारतात तो मालिनी नदीच्या काठी सांगितला आहे, उत्तराखंडात कोटद्वारजवळ तो दाखवतात आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या कानळद्याचाही तसाच दावा आहे. आपल्याला त्या भांडणात पडायचे नाही. टिटवाळ्याच्या लोकांनी दुसऱ्या कोणाची नव्हे, शकुंतलेचीच कथा या तळ्याकाठी का आणली, हा खरा प्रश्न आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना शाकुंतल नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली. कालिदासाने आपल्या नाटकाच्या नावात जो 'अभिज्ञान' शब्द घातला, त्याचा अर्थ ओळख किंवा ओळखीची खूण. महाभारतातल्या मूळ उपाख्यानात अंगठी नाही, शापही नाही. तेथली शकुंतला भर दरबारात राजाला खडसावते आणि आपला हक्क मागते. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणला आणि अंगठी आणली. ती अंगठी हरवते कोठे? शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना, तीर्थाच्या पाण्यातच! आणि ती परत कोण आणतो? राजा नव्हे, ऋषी नव्हे, एक गरीब कोळी. त्याला माशाच्या पोटात ती मिळते, चोर म्हणून शिपाई त्याला धरतात आणि मग राजाला सारे आठवते.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहा. एकीत राजाला बायको आठवत नाही, पाण्यातून अंगठी निघते आणि ओळख पटते. दुसरीत गावाला देव आठवत नाही, पाण्यातून मूर्ती निघते आणि ओळख पटते. दोन्हींत ओळख पटवणारा हात कष्टकऱ्याचा आहे आणि दोन्हींत त्याला मागे सारले आहे. टिटवाळा हे विसरण्याचे आणि पुन्हा ओळखण्याचे गाव आहे, असे मला वाटते. तेथे जाऊन तळ्याकडे पाठ करून उभे राहणे म्हणजे दुष्यंताचीच चूक नव्याने करणे होय. आणि लग्न जुळावे म्हणून तेथे जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एक सांगावेसे वाटते. ज्या बाईच्या नावाने आपण हा नवस बोलतो, ती नवरा मिळावा म्हणून रडत बसणारी नव्हती. 'मला ओळख' असे राजाला तोंडावर सांगणारी होती. नवस बोलताना तेवढेही मागून घ्यावे.

यावर कोणी म्हणतील, तीर्थाच्या ठिकाणी 'प्रवासी' म्हणून जाणे हेच मुळी गैर. भाव नसेल तर जाऊ नये. उगीच सहल कशाला? हा आक्षेप मला गंभीर वाटतो. कारण देवळाच्या पायरीवर मोबाईलकडे तोंड वेंगाडणारे आपणही पाहतोच. पण पाहायला जाणे म्हणजे थट्टा करणे नव्हे. मराठीत तर तीर्थाकडे डोळे उघडे ठेवून जाणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे निघाले, तीर्थे केली, गंगाजलाची कावड घेऊन परतले. पण वाटेत बंडाची धामधूम आणि झाशीचा पाडाव त्यांनी पाहिला. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' हा त्या डोळस भिक्षुकाचा ठेवा आहे. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या; त्यांनी भक्तीचा गहिवरही लिहिला आणि एकाच दिंडीत जेवणाच्या पंगती जातीवार वेगळ्या बसतात, हेही 'परिपूर्ती'तल्या लेखात लिहिले. दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' हे पुस्तकही अशाच चालण्यातून आले. या तिघांनी तीर्थाचा अपमान केला असे कोण म्हणेल? भाविक देवाला पाहतो. प्रवासी देवाच्या गावाला पाहतो. दोन्ही नजरा एकाच माणसात असाव्यात, असे माझे मागणे आहे.

दुसरा आक्षेप असा, की तळ्याची काळजी घेणे महापालिकेचे काम. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली ती कशासाठी? खरे आहे. कर आपण भरतो आणि काम मागणे हा आपला हक्क आहे. पण निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पाण्यात टाकणारा हात महापालिकेचा नसतो, आपलाच असतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ साली बंदी आली. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयीचे कडक नियम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली काढले. नियम कमी नाहीत. कमी आहे ती 'हे पाणी माझे आहे' ही ओळख.

ही ओळख सोवळ्याओवळ्याची नव्हे, हेही स्पष्ट करते. मराठी मुलखातले सर्वांत थोर तळे कोणते असे कोणी विचारले, तर मी महाडच्या चवदार तळ्याचे नाव घेईन. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरी दलितांना पाण्याला शिवता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्या दिवशी ते तळे तीर्थ झाले, असे मी मानते. कारण तहानलेल्या कोणालाही उतरता येते तेच तीर्थ, हा त्या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा खरा झाला. टिटवाळ्याच्या कथेतली तहानही कोणा एका जातीची नव्हती, गावाची होती.

आणि आपल्याला हे अधिक लागू आहे. कारण आपण आंबिवली-मोहन्याचे लोक पाण्याच्या काठावरच राहतो. आपली वस्ती मोठी झाली ती एनआरसीच्या कारखान्यामुळे आणि कारखाना येथे आला तो उल्हास नदीच्या पाण्यावर. कारखाना २००९ साली बंद पडला, कामगारांची घरे अंधारली. नदी मात्र वाहतेच आहे. उन्हाळ्यात तिच्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि पुलावरून जाणारा नवखा माणूस म्हणतो, 'काय सुंदर दिसते!' तो गालिचा म्हणजे नदीच्या आजाराची खूण आहे, हे आपल्याला कळायला हवे. याच लोहमार्गाने आणखी पुढे गेले की शहापूर तालुका लागतो. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे त्या तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. महागणपतीच्या दर्शनाला मुंबईहून येणारा भाविक सकाळी ज्या पाण्याने स्नान करून निघतो, ते पुष्कळदा याच डोंगरांतून गेलेले असते. त्या पाण्यापुढे त्याने घटकाभर हात जोडले, तर काय बिघडेल?

म्हणून शेवटी आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना एक सूचना करते. आपल्या सहली दरवर्षी लांब लांब जातात. यंदा एक सहल टिटवाळ्याला न्यावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी तळ्याची खोली उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा मोजावी आणि गाळ किती भरतो याची नोंद ठेवावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पेशवे दप्तराच्या छापील खंडांत या भागाचे उल्लेख शोधावेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून तळ्याच्या, पुराच्या, टांग्यांच्या आणि जत्रेच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ती माणसे काही कायमची नाहीत. फुलवाली, प्रसादवाला आणि रिक्षावाला यांना तळ्याविषयी काय वाटते, तेही विचारावे. तळ्याशी त्यांचा रोजचा संबंध आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात जे श्रमदान होते, त्यातले दोन दिवस या काठाला द्यावेत. आणि जे काही हाती लागेल ते पुढच्या वर्षीच्या याच अंकात छापावे.

एवढे केले तर देव प्रसन्न होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण ज्या दिवशी टिटवाळ्याहून परतलेला माणूस घरी आल्यावर 'दर्शन किती वेळात झाले' हे सांगण्याआधी 'तळ्यात यंदा पाणी किती आहे' हे सांगेल, त्या दिवशी त्याने खरी यात्रा केली असे मी म्हणेन.